गादीची पहिली झोप

जांभूळपेठ नावाचे एक बाजारगाव होते. तिथे धान्याचे व्यापारी बरेच होते, कापडाचे त्याहून जास्त, आणि सल्ला तर घरोघरी फुकट मिळे. झोपेचा व्यापार करणारे घर मात्र एकच. ते नदाफांचे.

म्हातारे हुसेन नदाफ कापूस पिंजून गाद्या शिवत. सुगी आटोपली की त्यांच्या पिंजणीची धनुष्यासारखी ताणलेली तात वाजू लागे. तो आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि शाळेतून येणाऱ्या पोरांच्या केसांत कापसाची म्हातारी बसे. घरोघरच्या जुन्या गाद्या उन्हात पडत. बायका त्यांना काठीने झोडपत आणि वर्षभराचा कोणाकोणावरचा राग त्या निमित्ताने निघून जाई. आता तो आवाजही नाही आणि राग काढायला तशी सोयही राहिलेली नाही.

हुसेनचाचांची एक रीत होती. गादी शिवून झाली की ते तिच्या कोपऱ्यांत वेखंड आणि सुका कडुनिंब घालत, ती दुकानाच्या ओट्यावर पसरत, हातपाय धुऊन येत, डोळ्यांवर पटक्याचे टोक ओढत आणि भर बाजारात झोपून जात. घोरले तर गादी पास. नुसताच डोळा लागला तर नापास. मग उठून गादी उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा.

गिऱ्हाईक विचारी, "चाचा, गादी झाली का?"

चाचा म्हणत, "शिवून झाली. झोपून व्हायची आहे."

या रीतीला कारण होते. जांभूळपेठेत अब्रूदार माणूस बाजारात आडवा होत नसे. बाजारात आडवा झालेला माणूस एक तर प्यायलेला, नाही तर फेफरे आलेला, असा लोकांचा पक्का समज होता. त्यामुळे गादी विकत घेणारा कधीही तिच्यावर पाठ टेकून पाहत नसे. ते काम त्याच्या वतीने हुसेनचाचा करत. गावात याला 'पहिली झोप' म्हणत. पहिली झोप कारागिराची, बाकीच्या तुमच्या.

चाचांचा मुलगा बाबालाल याला या रीतीची भारी लाज वाटे. शाळेत गुरुजींनी विचारले, "बाबालाल, तुझे वडील काय करतात रे?" त्याने तोंड उघडण्याआधी सगळा वर्ग ओरडला, "झोपतात!" गुरुजीही हसले. त्यांची स्वतःची गादी चाचांनी पहिली झोप काढलेलीच होती, पण हसताना माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत. बाबालालने त्या दिवशी मनाशी ठरवले, मोठेपणी काहीही करीन, पण लोकांसमोर झोपणार नाही.

मोठा झाल्यावर तो शहरात गेला आणि फोमच्या गाद्यांची विद्या शिकून आला. दुकानावर नवी पाटी लागली. मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली. पिंजण माळ्यावर गेली. तिच्या तातेवर कोळ्याने आपले दुकान मांडले.

फोम करणे ही मोठी गंमत होती. दोन पातळ द्रव्ये एकत्र घोटून लाकडी पेटीत ओतली की पाहता पाहता ती पावाच्या पिठासारखी फुगून वर येत. पण नुसत्या फुगण्यात काही अर्थ नसतो, हे माणसांइतकेच फोमलाही लागू आहे. खरी करामत त्यात घालायच्या मसाल्याची. एका मसाल्याने आतले बुडबुडे सारख्या आकाराचे राहतात. तो चुकला तर फुगलेला फोम बिघडलेल्या ढोकळ्यासारखा खाली बसतो. दुसरा मसाला फोमला पिवळा पडू देत नाही, भुगा होऊ देत नाही. तिसरा त्याला कणा देतो. असा फोम दाबला तर दबतो, पण हात काढला की पुन्हा उठून उभा राहतो. चौथा मसाला नुसता मऊपणाचा. काही लोक वजन वाढवायला खडूची भुकटीही घालत. बाबालालने ती कधी घातली नाही. तेवढा तो हुसेनचाचांचा मुलगा होता.

सुरुवातीला त्याने सगळे मसाले शिकवल्याप्रमाणे घातले. गाद्या चांगल्या झाल्या आणि दुकानातच राहिल्या. मग मसाला पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. उन्हाळ्यातही गळ्याला टाय आवळून हिंडणारा, चेहऱ्यावर कायमचे हसू असलेला असा तो होता.

त्याने विचारले, "नदाफशेठ, तुमच्याकडे गिऱ्हाईक गादी कशी पारखतं?"

"तळहाताने दाबतं."

"झोपून नाही बघत?"

"बाजारात? काय बोलताय!"

"मग सोपं आहे. गादी तळहातासाठी करा. कण्याचा मसाला कमी, मऊपणाचा दुप्पट. पाठ काही दुकानात येत नाही, हात येतो."

बाबालालला 'शेठ' ही हाक प्रथमच ऐकायला मिळाली होती. ती ऐकल्यावर बाकीचे खरेच वाटू लागले.

नव्या गाद्या लोण्यासारख्या झाल्या. व्यापारी मुठीने दाबत, बायका बोटांच्या टोकांनी, गुरुजी कोपराने. हात आत जाई आणि तोंडातून "वा!" बाहेर येई. जांभूळपेठेने कापसाच्या गाद्या काढून टाकल्या. काहींनी त्या गोठ्यात टाकल्या. गुरे त्यांवर सुखाने झोपू लागली.

हुसेनचाचा आता ओट्यावर नुसते बसून असत. एखादी गादी हातगाडीवर चढताना दिसली की विचारत, "बाबू, पहिली झोप झाली का?"

"अब्बा, ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असते. हिच्यावर आधी झोपलं तर गिऱ्हाईक वापरलेली म्हणेल."

"वापरली म्हणूनच तर घ्यायचे," चाचा म्हणत.

काही काळाने गावात पाठी दुखू लागल्या. गाद्यांना मधोमध खड्डे पडले आणि माणसे सकाळी त्यांतून बाहेर निघायला वेळ घेऊ लागली. पण गादीला कोणी दोष दिला नाही. गादी किती मऊ आहे हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पाहिले होते आणि स्वतःचा हात खोटा ठरवायला कोण तयार होईल? लोक म्हणत, "गादी झकास आहे हो, पाठच जुनी झाली." नरहरी वैद्यांचे तेल जोरात खपू लागले. वैद्यांनी दुकानाला नवा रंग दिला आणि बाबालाल दिसला की ते आपणहून नमस्कार करू लागले.

एके दिवशी हुसेनचाचा मोरीत घसरून पडले. हाड मोडले नाही, पण अंथरूण धरावे लागले. बाबालालने वडिलांसाठी दुकानातली सगळ्यांत मऊ, सगळ्यांत खपणारी गादी आणून घातली. दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, चाचांचा मुक्काम पडला.

दुपारी बाबालाल जेवायला आत आला आणि दारातच थांबला. चाचा कुशीवर वळू पाहत होते. एक हात गादीत रोवत होते, तो कोपरापर्यंत आत जात होता. पाय रेटत होते, तोही रुतत होता. थोडे वर येत आणि पुन्हा त्याच खड्ड्यात घरंगळत. उताणा पडलेला भुंगा जसा हवेत पाय मारतो, तसे चालले होते. ज्या माणसाने सगळ्या गावाच्या गाद्यांवर झोपून दाखवले, त्याला मुलाच्या गादीवर कूस बदलता येत नव्हती.

बाबालालने धावत जाऊन त्यांना वळवले. "अब्बा, हाक का नाही मारलीत?"

"कुशीवर वळायला हाक मारायची असते का रे?"

बाबालालने त्यांच्या पाठीशी उशी लावली. मग चाचांनीच विचारले, "हिची पहिली झोप कुणी काढली?"

"कुणीच नाही."

"म्हणजे मीच काढतोय म्हणायचं. मग सांगतो. नापास. उसव."

"फोम उसवता येत नाही, अब्बा. एकदा फुगला की फुगला."

चाचांनी डोळे मिटले. "मग तर आधीच झोपायला हवं होतं."

त्या वाक्याने बाबालालचे जेवण गेले. कापूस चुकला तर पुन्हा पिंजता येतो. फोमला माफी नाही. जिथे चूक सुधारता येत होती तिथे बाप झोपून पाहत होता, आणि जिथे सुधारता येत नाही तिथे मुलगा नुसता हात फिरवत होता.

तो शेडमध्ये गेला. मऊपणाचा मसाला चिमटीवर आणला. कण्याचा मसाला शिकवला होता तेवढा घातला. हात इतक्या दिवसांत बिघडला होता, त्यामुळे पहिले ठोकळे कुठे फाटले, कुठे खाली बसले. जे साधले त्यांवर तो शेडचे दार आतून लावून झोपून पाहू लागला. लाज अजून गेली नव्हती. शेवटी एका दुपारी त्याची बायको शहिदा दार ठोठावून दमली. आतून घोरण्याचा आवाज येत होता. ती सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, तुमचा धंदा घरात परत आला."

ती गादी चाचांच्या खाली घातली. चाचांनी हात टेकला, अंग उचलले आणि भिंतीकडे तोंड करून स्वतःहून वळले. बापाने आपल्याला पाठ दाखवली याचा इतका आनंद बाबालालला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पण घरातला आनंद घरात आणि दुकान दुकानात. त्याने नवी गादी दुकानात मऊ गादीशेजारी ठेवली. लोकांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "हिच्या अंगात अकड आहे. ती दुसरी दे." बाबालालने दुसरी दिली. खरे सांगितले तर लोक चिडतील, आणि न सांगितले तर कोणाला काही कळणार नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. असा मधला काळ माणूस फार लांबवू शकतो.

तो लांबला असताही. पण गावच्या दवाखान्याला नव्या खाटा आल्या आणि त्यांवर गाद्या हव्यात, असे गावाच्या लक्षात आले. लगेच एक समिती नेमली गेली. समितीने पहिल्या बैठकीत चहा घेतला. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीच्या चहाबद्दल आभार मानले. तिसऱ्या बैठकीत ठरले की गाद्या नदाफांच्याच घ्यायच्या, कारण जांभूळपेठेत गादी म्हणजे नदाफ. फक्त कोणती ते स्वतः पाहून ठरवायचे. अध्यक्ष होते आबासाहेब इनामदार. देह भारदस्त, मिशा त्याहून भारदस्त.

समिती दुकानात आली. अर्धा बाजार रस्त्यावर जमला. आबासाहेबांनी नव्या गादीवर तळहात ठेवला आणि नाक मुरडले. मग मऊ गादीवर ठेवला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"ही!" आबासाहेब म्हणाले.

बाकीच्या सभासदांनीही तळहात टेकवले. सगळे तळहात अध्यक्षांच्या तळहाताशी सहमत झाले.

आता बाबालालने फक्त "बरं" म्हणायचे होते. एवढा एक शब्द, आणि नदाफांचे नाव दवाखान्यात खाटेखाटेवर गेले असते. तेवढ्यात पडद्याआडून खाट करकरली. चाचांनी कूस बदलली होती.

बाबालाल म्हणाला, "आबासाहेब, ती नको. ही कडक वाटते ती घ्या."

"का रे? मऊ संपली का?"

"संपली नाही. दवाखान्यात ज्यांना स्वतःहून वळता येत नाही अशी माणसं येणार. त्या मऊ गादीत रुतलेलं माणूस वळत नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

आबासाहेबांच्या मिशा थोड्या हलल्या. "मग आमच्या घरी कोणती आहे?"

"मऊच आहे."

समितीतल्या सगळ्यांचे हात नकळत आपापल्या कमरेवर गेले. गर्दीतून नरहरी वैद्य हळूच मागे सरकले.

"म्हणजे इतके दिवस तू आम्हाला काय दिलंस रे?"

"तुमच्या हाताला आवडली ती दिली. कण्याचा मसाला मीच कमी केला. ते विकलं जात होतं. चूक माझी आहे. पण दवाखान्याला ती देणार नाही. एकदा आडवे होऊन बघा, मग ठरवा."

"आडवा होऊ? बाजारात?" आबासाहेबांचा आवाज चढला. "इनामदार बाजारात आडवे होत नाहीत. एकदाच होतात, आणि तेव्हा उचलायला चौघे असतात!"

लोक हसले. गर्दीतून कोणी ओरडले, "बाबालाल, फसवलंस की रे!" समिती निघून गेली. जाताना चिटणीस म्हणाले, "तालुक्याहून मागवू." गर्दीही पांगली, पण जाता जाता पुष्कळ काही बोलून गेली. नदाफांचे नाव त्या दिवशी बाजारात जितक्या वेळा घेतले गेले तितके पूर्वी कधी घेतले गेले नव्हते.

मग बाबालालने ती कडक म्हणून नाकारलेली गादी उचलली, ओट्यावर पसरली, हातपाय धुतले, डोळ्यांवर गमछा ओढला आणि भर बाजारात आडवा झाला.

"बापाची गादी चालवायला लागला," पानवाला म्हणाला. झोप काही बाबालालला लागली नाही. पण तो उठलाही नाही.

ऊन चढले. दुकानांच्या फळ्या लागल्या आणि दुपारचा बाजार निवांत झाला. बाबालाल गादी आत घेऊन पडद्याशी बसला होता. तेवढ्यात मागच्या बोळातून एक छत्री आली. छत्री तोंडावर इतकी खाली ओढली होती की आत कोणीतरी मोठे माणूस आहे हे सगळ्यांना कळावे. छत्री मिटली. आत आबासाहेब होते.

"इकडून चाललो होतो," ते म्हणाले. त्या बोळातून कोणी कुठेही जात नसे.

"बसा ना, आबासाहेब."

"बसत नाही." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "कमरेत चमक भरली आहे. जरा टेकतो. आधी ती मऊ दाखव."

ते मऊ गादीवर पडले. गादीने त्यांना प्रेमाने आत ओढून घेतले. क्षणभर त्यांना बरे वाटले. मग ते उठू लागले. गादी सोडीना. त्यांनी डावीकडे जोर केला, उजवीकडे केला. मिशा आणि पोट एवढेच वर दिसत होते.

"बाबालाल, हात दे."

"कुशीवर वळा, आबासाहेब, म्हणजे उठता येईल."

"अरे, वळता आलं असतं तर तुला हाक मारली असती का?"

बाबालालने त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढले. आबासाहेब घाम पुसत दुसऱ्या गादीकडे गेले. बसले, आडवे झाले. मग हळूच कुशीवर वळले. पुन्हा उताणे झाले. पुन्हा वळले. लहान मूल नवा खेळ पुन्हा पुन्हा करून पाहते तसे ते कितीदा तरी वळले.

"लहानपणी चाचांच्या गादीवर अशी पाठ टेकायची," ते पुटपुटले. "उन्हाचा वास यायचा तिला. आई म्हणायची, ऊठ, शाळा आहे. जरा पडतो रे. लगेच उठतो."

ते उठले नाहीत.

उन्हे कलली. दुकानांच्या फळ्या निघाल्या. पानवाल्याने सहज इकडे पाहिले आणि चुना लावायचा थांबला. मग कापडवाला आला. मग चिटणीस आले. बघता बघता सकाळचाच अर्धा बाजार पुन्हा दुकानापुढे जमला, पण आता चपला हातात घेऊन. आबासाहेब इनामदार बाजारात आडवे झाले होते आणि उचलायला चौघांची गरज नव्हती.

इतकी माणसे जमूनही एवढी शांतता आहे, याचे पडद्याआड नुकतेच झोपेतून जागे झालेल्या हुसेनचाचांना नवल वाटले. त्यांनी हाक मारली, "बाबू, दुकानात कोण झोपलंय?"

"आबासाहेब."

"घोरतायत?"

बाबालालने कान दिला. सगळ्या बाजाराने दिला. "हो, अब्बा."

"मग गाद्या पोचव."

गाद्या दवाखान्यात पोचल्या. गावातल्या जुन्या मऊ गाद्या बाबालालने एकेक करून बदलून दिल्या. त्यात त्याचे बरेच आयुष्य गेले आणि तेही त्याला फार महाग वाटले नाही. दुकानात येणारी माणसे आता निर्धास्त आडवी होऊ लागली, कारण जिथे इनामदार झोपले तिथे आपल्याला कसली लाज! पण पहिली झोप मात्र बाबालाल स्वतःच काढी, ओट्यावर, उजेडात. हुसेनचाचा गेले ते पुढच्या सुगीच्या दिवसांत, दुपारी, कुशीवर वळून.

आजही जांभूळपेठेत नवा पूल झाला, नवी बस आली किंवा नवा नियम निघाला की म्हातारी माणसे विचारतात, "करणाऱ्याने पहिली झोप काढली का?" उत्तर बहुधा मिळत नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला ज्यावर आयुष्य काढायचे आहे, त्यावर करणाऱ्याने आधी स्वतः पाठ टेकून पाहावी. हात खूश झाला की माल खपतो, पण पाठ सांभाळली तरच नाव टिकते.